चिचुंद्रीची पाहणी

पाहणीवालीने दार वाजवलं, तेव्हा आतून आवाज आला, "ढकल! उघडंच आहे. आणि वाफ बाहेर घालवू नकोस."

खोली तळमजल्यावरची होती. एका भिंतीला हॉटेलच्या चादरींचे गठ्ठे छातीइतके उंच रचलेले, दुसऱ्या भिंतीला दोन खाटा, आणि मधोमध इस्त्रीचं लांबलचक टेबल. टेबलामागे आजी उभी. तिचा उजवा दंड डाव्यापेक्षा चांगला दीडपट जाड होता; चाळीस वर्षं एकाच हाताने इस्त्री फिरवली की होतो तसा. टेबलाखाली सात वर्षांची एक मुलगी पालथी पडून उशांच्या अभ्र्यांची बटणं लावत होती.

"हीच का ती?" पाहणीवालीने विचारलं.

"हीच ती अवदसा," आजी म्हणाली. "चिचुंद्रे, बाहेर ये. तुला बघायला आलेत. तोंड पूस आधी. पुसून तरी काय उजेड पडणार आहे म्हणा."

मुलगी दात काढत बाहेर आली. वरचे पुढचे दोन दात पडलेले होते.

पाहणीवालीला हसू फुटलं. तिने ते गिळलं, कारण तिच्या पर्सच्या पट्ट्याला अडकवलेलं छोटं यंत्र आवाज टिपत होतं आणि पाहणी करणाऱ्याने हसू नये असा नियम होता. पण खरं तर या खोलीत पाऊल टाकल्यापासून तिला आपल्या आईच्या स्वयंपाकघरात आल्यासारखं वाटत होतं. तिच्या आईनेही तिला परक्यांपुढे कधी धड नावाने हाक मारली नव्हती. या लोकांची रीतच तशी. आपलं माणूस चारचौघांत चांगलं म्हणायचं नाही. म्हटलं तर ते हातचं जातं. जितका जीव जास्त, तितकी शिवी सणसणीत.

आणि म्हणूनच तर तिला बालकल्याण कचेरीने घेतलं होतं. संख्याशास्त्रातली पदवी तिच्यासारखी आणखी चाळीस जणांकडे होती, पण या लोकांची भाषा अर्जदारांत तिला एकटीलाच येत होती. सहा महिने उमेदवारी, मग कायम. पाच महिने झाले होते.

प्रकरण शाळेतून आलं होतं. मुलीने वर्गात हसत हसत सांगितलं, "गणित चुकलं की आजी मला भंगारवाल्याला देणार आहे. वजनावर." वर्ग हसला, मुलगी सगळ्यांत जास्त हसली. बाई हसल्या नाहीत. त्यांनी तक्रारीचा छापील कागद भरला. एकदा तो कागद आला की कुटुंबाची पाहणी ठरलेली. शंभर गुण. साठ किंवा वर पडले तर मूल घरात. साठच्या खाली गेले तर मूल दुसऱ्या घरी, कचेरीने निवडलेल्या पालकांकडे. मुलीची आई दोन वर्षांपूर्वी छातीच्या आजाराने गेली होती. बापाचा पत्ता कधीच नव्हता. आजी, मामा आणि ही. कुटुंब म्हणजे एवढंच.

"घरात निर्णय कोण घेतं?" पाहणीवालीने पहिला प्रश्न वाचला.

"कसला निर्णय?"

"कसलाही."

"ही घेते," आजीने इस्त्रीच्या टोकाने मुलीकडे बोट दाखवल्यासारखं केलं. "सकाळी कुठला मोजा घालायचा यावर अर्धा तास खलबत चालतं. राणीसरकार! आणि मग दोन पायांत दोन वेगळे."

"मुलगी चुकली तर तुम्ही काय करता?"

"चुकली तर? न चुकता कधी असते ती?"

तेवढ्यात मामा आला. तो इस्त्रीचे कपडे हॉटेलांत पोचवायचा. खांद्यावर रिकाम्या पिशव्या टाकून तो दारातच उभा राहिला. पाहणीवालीला बघून त्याने चपला काढाव्यात की नाही याचा विचार केला आणि एकच काढली.

"मामा ना तुम्ही? हिच्याविषयी काही सांगा."

"काय सांगू? आईचं नाक घ्यायचं सोडून आमचं घेतलं. बघा ना, भोपळा."

"तुझं डोकं भोपळा!" मुलगी ओरडली.

"माझं डोकं भोपळा, पण आत बिया तरी आहेत. तुझ्यात वारा."

आजी खदाखदा हसली. हसता हसता, मान न वळवता, तिचा डावा हात मागे गेला आणि टेबलाशी वाकलेल्या मुलीची वेणी इस्त्रीच्या वाटेतून उचलून पाठीवर टाकून परत आला. तासाभरात तो हात असा तेवीस वेळा गेला. केस बाजूला, बाही वर, गालावरचा दोरा काढ, वाफेपासून मागे सार. पाहणीवालीने मोजलं, कारण मोजायची तिला सवयच होती. पण तक्त्यात त्यासाठी रकाना नव्हता आणि यंत्राला हात ऐकू येत नव्हते.

"आता शेवटचं. मुलीच्या तीन चांगल्या गोष्टी सांगा."

आजीची इस्त्री थांबली. असं काही कुणी तोंडावर विचारावं? तिने पाहणीवालीकडे पाहिलं. तू तर आपल्यातली, तुला कळू नये? मग चादर उलटी करत म्हणाली, "चांगल्या? हिच्या? खाते चांगलं. घोड्यासारखं. बाकी दोन तू शोध, सापडल्या तर मलाही कळव."

निघताना मुलगी तिला पायरीपर्यंत सोडायला आली. पायरीखाली एका फुटक्या टोपलीत मांजराचं पिल्लू झोपलं होतं.

"चार होती," मुलगी म्हणाली. "तीन आजीने देऊन टाकली. आजी गिऱ्हाइकांशी कसलं गोड बोलते! 'किती शहाणं पिल्लू, कुठे घाण करत नाही, किती गुणाचं.' झालं! नेलंच त्यांनी. मग याच्या वेळी मी मध्येच सांगितलं, हा चावतो, हा दूध सांडतो. बाई आली तशी गेली."

"आणि खरंच चावतो?"

"छे! याला नीट दात पण नाहीत." तिने स्वतःची फट दाखवली. "माझ्यासारखं."

पाहणीवालीने तिच्या गालाला चिमटा काढला. हे तिने लिहून घेतलं नाही. पिल्लांवर कुठला प्रश्न नव्हता.

तिने चौऱ्याहत्तर गुण दिले. प्रत्येक शिवीला खाली आकडा टाकून तिने टीप लिहिली: ही निंदा नव्हे, माया आहे, या लोकांत असं बोलण्याची पद्धत आहे. टिपा 'सांस्कृतिक संदर्भ' नावाच्या चौकटीत लिहायच्या होत्या. चौकट पन्नास शब्दांची होती. तिने अक्षर बारीक करून एकशेवीस बसवले.

तीन दिवसांनी कचेरीतल्या मोठ्या बाईंनी तिला बोलावलं. टेबलावर आवाजाचा भाषांतर केलेला मजकूर होता आणि शेजारी सहपरीक्षक बसले होते. प्रत्येक पाहणीला दोन जण गुण देत; दुसरा प्रत्यक्ष घरी न जाता मजकूर वाचून. सहपरीक्षक सभ्य गृहस्थ होते, आवाज हळू, बोटं स्वच्छ.

"माझे एकेचाळीस आले," ते जणू माफी मागत म्हणाले. "तासाभरात अपमानास्पद उद्गार सदतीस. एकही कौतुकाचा शब्द नाही. तीन चांगल्या गोष्टी विचारल्या, तर एकही सांगता येत नाही. मी वाचताना दोनदा थांबलो, खरं सांगतो."

"सर, ते तसं नाहीये. मी चौकटीत लिहिलंय."

"वाचलं ना," मोठ्या बाई म्हणाल्या. "छान लिहिलंयस. पण त्या चौकटीला गुण नसतात."

"मग ती असते कशाला?"

"लोकांना लिहावंसं वाटतं म्हणून." मोठ्या बाई हसल्या. त्यांचं हसणं प्रेमळ होतं, हे आणखी वाईट. "हे बघ, तू त्यांच्यातली आहेस म्हणून तर तुला घेतलं. पण म्हणूनच तुझे आकडे दोनदा तपासावे लागतात. तुझ्या जागी मी असते तर मलाही माझी आजी आठवली असती. दहाहून जास्त फरक चालत नाही. इथे तेहेतीस आहे. सोमवारी तुम्ही दोघं मिळून जा. तिथे जे दिसेल ते अंतिम. आणि पुढच्या महिन्यात तुझ्या कायम होण्याचा कागद माझ्याकडे येणार आहे, हे तुला माहीत आहेच. मी आपली आठवण करून दिली."

बाहेर येऊन पाहणीवाली जिन्यात उभी राहिली. प्रश्न साधा होता, असं तिला वाटलं. कागदावर मोजलं जातं ते कौतुक. घरात कौतुक आहे पण वेगळ्या चलनात. चलन बदलून दिलं की काम झालं. पाहणीआधी कुटुंबाला काही सांगायचं नाही असा नियम होता. शनिवारी दुपारी ती कचेरीचं ओळखपत्र पर्समध्ये टाकून आजीकडे गेली. मुलगी शाळेच्या सहलीला गेली होती.

"सोमवारी आणखी एक जण येणार आहे माझ्याबरोबर," ती म्हणाली. "त्याला आपली भाषा येत नाही, मी सांगत जाईन. आजी, त्याच्यासमोर हिला चांगलं म्हणा."

"कुणाला?"

"चिचुंद्रीला."

आजीने इस्त्री उभी केली. "माणसासमोर? तोंडावर?"

"हो. शहाणी आहे, मन लावून काम करते, असं काहीतरी. नाहीतर नेतील तिला. खरंच नेतील, आजी."

इस्त्रीचा दिवा विझला, पुन्हा लागला. मामाने वातावरण हलकं करायला उशीचा एक अभ्रा उचलून समोर धरला. "कर सराव. याला म्हण."

"हा अभ्रा..." आजीने घसा साफ केला, "हा अभ्रा बरा आहे."

"बरा नाही, उत्तम म्हणा," पाहणीवाली म्हणाली.

"उत्तम आहे. मेला." आजीने जीभ चावली. "हा 'मेला' गाळायचा का?"

तिघंही हसली. मग आजीने डोळे पुसले, वाफेने असेल. "तू आपली म्हणून बरं झालं, पोरी. परकी असती तर आम्हाला काय कळणार होतं?"

पाहणीवाली घरी जाताना समाधानात होती. तिने सगळं धरलं होतं. प्रश्नांचा क्रम, आजीची उत्तरं, मामाने कधी हसायचं. प्रयोगात एवढी काळजी घेतली की निकाल हवा तसा येतो. एकच गोष्ट तिने धरली नव्हती. हे सगळं मुलगीही ऐकणार होती.

सोमवारी खोली झाडलेली होती. सहपरीक्षक खुर्चीच्या कडेवर बसले. मुलगी धुतलेल्या फ्रॉकमध्ये टेबलाशी उभी होती आणि सवयीने टोमणा येण्याची वाट बघत, अर्धं हसू तयार ठेवून, आजीच्या तोंडाकडे पाहत होती.

"मुलीविषयी सांगा," पाहणीवालीने विचारलं.

आजीने इस्त्री बाजूला ठेवली, हात पदराला पुसल्यासारखे अंगावरच्या कपड्याला पुसले आणि गिऱ्हाइकाशी बोलायच्या त्या मऊ आवाजात सुरुवात केली. "फार शहाणी आहे हो. काही त्रास नाही. सांगितलेलं ऐकते."

पाहणीवालीने सहपरीक्षकांना त्यांच्या भाषेत सांगितलं. त्यांनी मान डोलावली, लिहिलं.

मुलीचं अर्धं हसू गेलं.

"खाते कमी," आजी म्हणाली, "झोपते वेळेवर. जिथे जाईल तिथे रमेल अशी आहे."

मुलीने आधी आजीकडे पाहिलं, मग मामाकडे, मग खुर्चीतल्या अनोळखी माणसाकडे आणि त्याच्या मोठ्या बॅगेकडे. तिचा चेहरा पांढरा पडला. पाहणीवालीने तो पाहिला आणि त्या क्षणी तिला फुटकी टोपली आठवली. आपण काय करून बसलो हे तिला अगदी स्वच्छ कळलं. थांबवायला एक वाक्य पुरलं असतं. यंत्र चालू होतं.

मुलगी दोन पावलं पुढे झाली आणि शाळेच्या भाषेत, थेट त्या माणसाला कळेल अशी, बोलायला लागली.

"मी चांगली नाहीये. मी अंथरूण ओलं करते. रोज."

सहपरीक्षकांनी पेन उचललं. "रोज?"

"रोज. आणि मी चोरते. शाळेतून खडू चोरले. आणि मी मुलांना मारते. मी मांजर मारलं."

आजीला शाळेची भाषा येत नव्हती. तिला एवढंच दिसत होतं की पोरगी न लाजता साहेबांशी बोलतेय आणि साहेब सगळं लिहून घेतायत. ती कौतुकाने हसली आणि आणखी जोर लावला. "बघा, कशी घडाघडा बोलते! हुशार आहे. नजर लागेल अशी गुणाची पोर."

"मला रात्री भूत दिसतं," मुलगी ओरडली. "मी घर पेटवून देईन. तुम्ही मला नेलं तर तुमचं पण पेटवीन!"

मामाला ती भाषा मोडकीतोडकी कळायची. "गप! ए, गप बस!" म्हणत त्याने धावत जाऊन मुलीचं तोंड हाताने दाबलं. सहपरीक्षकांनी तेही लिहिलं: बोलण्यास शारीरिक प्रतिबंध. मग ते उठले, मामाचा हात सौजन्याने बाजूला केला आणि मुलीच्या खांद्यावर हात ठेवला. "घाबरू नकोस, बाळा. तू फार धीराची आहेस."

यानेही चांगलं म्हटलं. मुलीने मान वळवली आणि त्यांच्या मनगटाला चावली. सगळा जीव एकवटून. आजीची किंकाळी आणि मुलीचं रडणं एकदमच सुरू झालं.

कचेरीत परतल्यावर सहपरीक्षकांनी मनगटाला पट्टी बांधली आणि अठ्ठावीस गुण दिले. "आजी खोटं बोलत होती, ते उघड होतं," ते म्हणाले. "पाठ केल्यासारखं. आणि बिचारं मूल जिवाच्या आकांताने मदत मागत होतं. इतकी लक्षणं एका मुलात मी क्वचित पाहिली."

पाहणीवालीसमोर तिचा तक्ता होता. शेवटच्या पानावर शेवटचा प्रश्न होता, जो ती आजवर न वाचता भरत आली होती: पाहणीपूर्वी कुटुंबाला कोणत्याही सूचना देण्यात आल्या होत्या का? हो किंवा नाही.

'हो' लिहिलं की ही भेट रद्द. महिन्याभराने दुसरे दोघं जातील, तोवर मुलगी घरीच, आणि तोवर आजी पुन्हा आपल्या शिव्यांवर आली असती. एकेचाळीस मिळाले असते, किंवा पन्नास, किंवा एखादा समजूतदार परीक्षक भेटला तर साठ. 'हो' लिहिलं की पाहणीवालीची नोकरी मात्र त्याच दिवशी संपली. तिने शक्यता मांडून पाहिल्या, कारण ते तिला येत होतं. साठ मिळण्याची शक्यता तिने फार तर दहात दोन धरली. नोकरी जाण्याची दहात दहा. मग तिने स्वतःला सांगितलं की आपण राहिलो तर आपल्या लोकांची पुढची पन्नास घरं तरी नीट पाहिली जातील. हे तिला इतकं पटलं की तिला स्वतःचाच संशय आला, आणि संशय आला तरी हात थांबला नाही.

तिने 'नाही' वर खूण केली. गुणांच्या रकान्यात तिने छत्तीस लिहिले.

मोठ्या बाईंनी दोन्ही तक्ते शेजारी ठेवले. "फरक आठ. बघ, जमतं की! आता तुझा हात बसला."

गुरुवारी सकाळी मुलीला न्यायला गाडी गेली. भाषा येणारं कुणीतरी लागतं म्हणून पाहणीवालीला जावंच लागलं. सहपरीक्षक पट्टी बांधलेल्या हातात कागद धरून दारात थांबले. मुलीने बूट स्वतःच घातले, डाव्याचा उजव्यात, उजव्याचा डाव्यात, आणि कुणी ते दुरुस्त केलं नाही. मामा भिंतीकडे तोंड करून चादरींचे गठ्ठे एकसारखे करत होता. ते आधीच एकसारखे होते.

पायरी उतरताना मुलीने पाहणीवालीची बाही ओढली आणि हळूच विचारलं, "मी कमी सांगितलं का? मला अजून वाईट सांगता येतं."

पाहणीवालीने तिला गाडीत बसवलं आणि पट्टा लावला. दार लागलं. काच वर होती. आत मुलगी तोंड उघडून काहीतरी भराभर सांगत होती, चालकाला. चालक रस्त्याकडे बघत होता.

आजी गाडीपाशी आली नाही. ती पाहणीवालीपाशी आली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर सोपं झालं असतं. तिने पाहणीवालीचा हात त्या जाडजूड हातात घेतला, इस्त्रीच्या मुठीसारखा घट्ट.

"पुन्हा कधी बघायला येणार तुम्ही लोक?"

"सहा महिन्यांनी. पुन्हा पाहणी होते."

"सहा महिने." आजीने ते मनात ठेवलं. "मी चुकले ना कुठेतरी? तू शिकवलंस तसंच बोलले, पण आवाज नीट लागला नाही बहुतेक. मी सराव करीन. तू सांग फक्त, पोरी. सहा महिन्यांनी काय बोलायचं मी?"

सहपरीक्षक जवळ आले होते. "काय म्हणतायत त्या?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"विचारतायत, पुढची पाहणी कधी," पाहणीवाली त्यांच्या भाषेत म्हणाली. मग त्याच भाषेत, आजीकडे बघून, सरळ आवाजात म्हणाली, "सूचना लेखी मिळेल."

आजीने मान डोलावली आणि दाराकडे वळून मामाला विचारलं, "काय म्हणाली रे? काय बोलायला सांगितलं?"

मामाने हातातली चादर उलगडली, पुन्हा घडी घातली. गाडी निघाली. आजी दारात तशीच उभी राहिली, उत्तराची वाट बघत.